कोरडं वजन

माझ्या बायकोला एका माणसाने माझ्या डोळ्यांदेखत फितवलं. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सात ते अकरा, अंबरनाथला, भर उजेडात आणि इतर सात पेशंटच्या साक्षीने. आणि तिला खरवईहून स्कूटरवर बसवून त्याच्या दारात नेऊन सोडणारा मूर्ख मीच होतो.

दिसायला म्हणाल तर त्याच्यात घेण्यासारखं काही नव्हतं. उंची एवढी की पंख्याखालून जाताना सवयीने मान झुकवायचा, आणि जाडी एवढीच की आडवा वळला की दिसेनासा व्हायचा. डोक्याला खोबरेल इतकं की माशी बसली तर घसरून कानात जावी. पांढरा कोट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, पायात रबरी स्लिपर. डायलिसिस सेंटरचा मुख्य टेक्निशियन. त्याचं नाव मी सांगणार नाही. एक तर त्याला ते आवडणार नाही, आणि दुसरं म्हणजे माझ्या घरात तीन वर्षं ते नाव इतक्या वेळा घेतलं गेलं की माझ्या वाटणीचं संपलं.

हिची दोन्ही मूत्रपिंडं बंद पडली होती. एकदम नाही, हळूहळू, न सांगता. आधी पाय सुजले, मग जेवण नकोसं झालं, आणि एके दिवशी डॉक्टरांनी रिपोर्ट बघून चष्मा काढला तेव्हा मी समजलो. त्यानंतर आठवड्यातून तीनदा हिचं रक्त हातातल्या एका सुईतून बाहेर काढून, मशीनमधून फिरवून, दुसऱ्या सुईतून परत आत सोडायचं. दर वेळी चार तास. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, पण मी हिच्याशी सलग चार तास कधी बोललो होतो? आमच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा नाही. आणि हा गृहस्थ बोलायचा.

मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलर सांभाळतो. पाण्याची पातळी दाखवणारी काचेची नळी असते, तिच्याकडे बघण्यात माझं आयुष्य गेलं. पाणी खाली गेलं तर आतल्या नळ्या जळतात, वर गेलं तर वाफेबरोबर पाणी धावतं. तेव्हा समतोल, पातळी, क्षार या गोष्टी मला कोणी शिकवायचं कारण नव्हतं, असं माझं ठाम मत होतं. त्याच तोऱ्यात पहिल्या दिवशी मी त्याला म्हणालो, "किडनी म्हणजे काय हो साहेब, शेवटी फिल्टरच ना?"

आठही मशीनं टीं-टीं करत होती, ती गप्प झाली असं मला वाटलं. शेजारच्या कॉटवर उल्हासनगरचे एक सेठ पडलेले होते, कॅम्प चारमध्ये त्यांचं पडद्याच्या कापडाचं दुकान. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पुटपुटले, "झूलेलाल! इसने बोल दिया."

"फिल्टर?" तो म्हणाला. "फिल्टर तुमच्या नळाला असतो. फिल्टर मठ्ठ. जाळीतनं गेलं ते गेलं, अडकलं ते अडकलं. किडनीला अक्कल असते." मग माझा नाद सोडून तो हिच्याकडे वळला. "वहिनी, दिवाळीच्या आधी तुम्ही कपाट कसं आवरता?"

"सगळं बाहेर काढते," ही म्हणाली. "खाली ढीग घालते. मग एकेक वस्तू हातात घेऊन, हवी ती परत आत."

"बरोब्बर! किडनी तेच करते. कचरा शोधत बसत नाही. सगळंच बाहेर ओतते. दिवसाला पावणेदोनशे लिटर पाणी रक्तातून काढते, त्यात मीठ, साखर, सगळं आलं. आणि मग निवडून निवडून परत घेते. हे हवं. हे पण हवं. काल लोणचं जास्त झालं, मग आज मीठ जाऊ दे. उन्हात घाम गेला, मग पाणी ठेव. आंबटपणा वाढला, तो काढ. शेवटी उरतं दीड लिटर. त्याला लोक नाक मुरडतात. पण आतलं पाणी काल होतं तसंच आज राहतं, हे त्या दीड लिटरमुळे."

"म्हणजे रोजच दिवाळी," ही म्हणाली.

तो हसला. हीसुद्धा हसली. सहा महिन्यांत पहिल्यांदा.

"आणि हे मशीन?" हिने विचारलं.

"हे मशीन म्हणजे नवऱ्याला कपाट आवरायला लावणं. चार तासांत दिसेल ते बाहेर काढणार. ठेवायचं काय ते त्याला मी बाजूला उभं राहून सांगायचं. आणि तरी काहीतरी चुकणारच."

आठ कॉटवरची आठ माणसं माझ्याकडे बघून हसली. सेठचं तर हसताना मशीन बोंबलायला लागलं. घसा कोरडा पडला म्हणून मी पिशवीतली बाटली काढून दोन घोट घेतले, तर त्याने माझं मनगट धरलं आणि मला चोरासारखं दाराबाहेर नेलं.

"इथे पाणी प्यायचं नाही."

"मी पेशंट नाहीये."

"म्हणूनच. आत आठ माणसं आहेत. त्यांना दिवसाला एक लिटर, त्यात चहा, वरण, गोळ्यांचं पाणी सगळं आलं. आणि तुम्ही त्यांच्यासमोर गटागटा?"

नंतर कळलं की तो स्वतः सकाळी साडेसहापासून दुपारी दोनपर्यंत त्या हॉलमध्ये थेंबभर पाणी पीत नाही. तहान लागली की गच्चीवर जायचा. मी एकदा पाळत ठेवून मागोमाग गेलो होतो. मी शपथेवर सांगतो, तो एका दमात इतकं प्यायला की गच्चीवरच्या टाकीचा आवाज बदलला. मग त्याने रुमालाने मिशी पुसली, एकेक केस पुसल्यासारखी, खिशातल्या आरशात बघितलं, आणि कोरड्या तोंडाने खाली आला. मिशीवर एक थेंब दिसला तरी सेठ दिवसभर उसासे टाकतात, असं त्याचं म्हणणं.

मी घरी येऊन हिला म्हटलं, "नाटकं आहेत सगळी." ही म्हणाली, "असतील. पण आमच्यासाठी कोण करतं अशी नाटकं?"

त्याची खरी भानगड म्हणजे वही. निळ्या पुठ्ठ्याची, कोपरे झिजलेली. प्रत्येक पेशंटचं एक 'कोरडं वजन' असतं. म्हणजे अंगात फाजील पाणी नसताना माणसाचं जे खरं वजन, ते. किडनी बंद म्हणजे प्यायलेलं पाणी बाहेर पडत नाही; ते पायात, पोटात, फुप्फुसात साठत जातं. म्हणून यायचं, काट्यावर उभं राहायचं, कोरड्या वजनापेक्षा जितकं जास्त भरेल तितकं पाणी मशीनने काढायचं. कमी काढलं तर रात्री धाप लागते. जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो, पोटऱ्यांत गोळे येतात. सगळा खेळ त्या काट्यावर.

सगळीकडे लोक कपड्यांचे अंदाजे पाचशे ग्रॅम वजा करतात. याला अंदाज चालत नव्हता. हा कपडे वजन करायचा. एकदा मी त्याची वही उघडी पडलेली पाहिली. हिच्या नावाचं पान. वाचलं आणि माझ्या अंगाची वाफ झाली.

'अबोली कुर्ता, तीनशे दहा. हिरवा, कशिद्याचा, चारशे पंचवीस. मंगळसूत्र, अठ्ठावीस. काचेच्या बांगड्या सहा, बेचाळीस. शाल असल्यास विचारणे.'

बावीस वर्षांत मला हिचा अबोली कुर्ता कुठला आणि गुलाबी कुठला ते कळलं नव्हतं. आणि याच्याकडे ग्रॅम!

"हे काय आहे?" मी घरी विचारलं.

"सरांनी सगळ्यांचंच लिहिलंय," ही म्हणाली. "सेठचं तर अंतर्वस्त्रापर्यंत आहे."

"मला सेठचं सांगू नकोस."

मी दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला जाऊन स्वयंपाकघरात ठेवायचा डिजिटल काटा आणला आणि वही केली. लाल पुठ्ठ्याची, त्याच्यापेक्षा जाड. सगळं कपाट वजन केलं. पैठणी सातशे वीस भरली. ही दारात उभी राहून बघत होती. "अहो, पैठणी नेसून कोण जातं डायलिसिसला?" म्हणाली आणि आत गेली. आतून बराच वेळ हसू येत होतं, पण ते माझ्याबरोबरचं नव्हतं, माझ्यावरचं होतं.

त्याची आणखी एक खोड. काट्यावर विश्वास नसल्यासारखा तो आधी पेशंटच्या नडगीवर अंगठा दाबायचा, सोडायचा आणि खड्डा भरून यायला किती वेळ लागतो ते ओठांत मोजायचा. माझ्या बायकोच्या नडगीवर! माझ्यासमोर! मीही घरी रोज संध्याकाळी सुरू केलं. तिसऱ्या दिवशी हिने पाय ओढून घेतला. "अहो, दुखतंय. सर एवढ्या जोरात नाही दाबत." मी कामावर गेलो आणि त्या रात्री बॉयलरमध्ये कोळसा घालायची गरज पडली नाही.

माणसाने काय खाल्लं ते तो चेहऱ्यावरून सांगायचा, हेही मला सहन व्हायचं नाही. सेठ दारातून आत आले रे आले की हा म्हणायचा, "सेठ, कल शादी में गये थे."

"नहीं तो साईं."

"पापड़ कितने?"

सेठ काट्याकडे बघायचे, छताकडे बघायचे. "साईं, सिंधी आदमी है, पापड़ के बिना खाना पूरा होता है क्या? एक ही खाया. छोटा."

"एक पापड़ का नमक दो लोटे पानी बुलाता है. नमक अकेला नहीं रहता सेठ, पानी को साथ लेके बैठता है. आपकी किडनी होती तो दोनों को हाथ पकड़ के बाहर निकालती. अब मुझे निकालना पड़ेगा." काटा बघून तो सांगायचा, "छोटा नहीं था. तीन थे." आणि सेठ तीन बोटं कपाळाला लावायचे.

आता हिचं माहेर अलिबागकडचं, नारळाच्या वाडीतलं. ही शहाळ्याच्या पाण्यावर वाढलेली. आणि याने पहिल्याच आठवड्यात हिचं शहाळं बंद केलं होतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. ते अंगाला लागतं, पण रक्तात जरा जास्त झालं की हृदयाचा ताल चुकतो. चांगली किडनी जास्तीचं रोजच्या रोज काढून टाकते म्हणून आपल्याला पत्ता नसतो. "वहिनी, तुमच्यासाठी शहाळं म्हणजे विषाची बाटली, वर हिरवं बूच," असं तो म्हणाला होता. ही मान डोलवून 'हो सर' म्हणाली होती. तीन वर्षांत तिने एकदाही मागितलं नाही. मी मात्र स्कूटरवरून येताना बघायचो. शहाळ्याची गाडी आली की आरशात हिची मान वळायची.

आमच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस रविवारी आला. हिचे वार सोमवार, बुधवार, शुक्रवार, म्हणजे शुक्रवारनंतर सोमवारपर्यंत मशीन नाही. सर्वांत लांब खाडा. त्यामुळे रविवारी सर्वांत जास्त जपायचं, हे मलाही पाठ होतं. पाठ असून काय उपयोग? सकाळपासून ही म्हणत होती, "सरांनी केक नको सांगितलाय." "सर म्हणाले आज भाजी दोनदा उकळून घ्या." पंचविसाव्या वाढदिवसाला माझ्या घरात सर! दुपारी तर म्हणाली, "सरांना फोन करून सांगायला हवं होतं आज आपला वाढदिवस आहे ते."

माझ्या डोक्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. मी स्कूटर काढली आणि दोन शहाळी घेऊन आलो.

"अहो, सर रागावतील."

"सर, सर, सर! नवरा कोण आहे तुझा? एका दिवसाने काय होतंय? मी आहे ना!"

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने दोन्ही हातांत शहाळं धरलं, लहान मूल धरतात तसं, आणि डोळे मिटून प्यायली. मध्ये श्वाससुद्धा घेतला नाही. मी तिला तसं बघितलं आणि म्हटलं, हे तो देऊ शकतो का? मग दुसरंही फोडलं.

सोमवारी सकाळी ती जिन्यावर थांबली. "पाय जड झालेत हो," म्हणाली. "शिशाचे असल्यासारखे." स्कूटरवर बसवेना, म्हणून रिक्षा केली. सेंटरमध्ये काट्यावर चढायला तिला पाऊल दोनदा उचलावं लागलं. काटा तर निर्दोष होता. दीड किलो जास्त, नेहमीइतकंच. नर्स म्हणाली, "छान, पाणी सांभाळलंय." तो मात्र काट्याकडे बघतच नव्हता. तो तिच्या पावलाकडे बघत होता.

"वहिनी, काल काय खाल्लं?"

"नेहमीचंच. भाकरी, दुधी."

"ओठांना मुंग्या येतायत का?"

तिने बोट ओठांवर नेलं आणि खाली घेतलं. "नाही."

त्याने तिची नाडी धरली. बराच वेळ धरून ठेवली. मला वाटलं, आज तो मोजता मोजता अडखळतोय. नंतर कळलं, नाडीच अडखळत होती. "वहिनी, मला खरं सांगा. फळ? रस? काही?"

"नाही सर. खरंच नाही."

तो माझ्याकडे वळला. "साहेब?"

मी मघापासून गमतीजमती सांगतोय, पण ही एक गोष्ट आहे तशी सांगतो. मी गप्प राहिलो. त्याच्यासमोर, सेठसमोर, त्या आठ कॉटसमोर मान खाली घालायची माझी तयारी होईना. एकीकडे हिचा जीव आणि एकीकडे माझी मान, आणि मी किमान पाच सेकंद ठरवत होतो. पाच सेकंद म्हणजे फार नव्हे असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधीतरी माझ्या बायकोचा त्या वेळचा चेहरा बघायला हवा होता. ती मला डोळ्यांनी सांगत होती, सांगू नका.

"शहाळं," मी म्हणालो.

"अहो!" ती म्हणाली. मी तिच्याशी दगाफटका केल्यासारखी.

"किती?"

"दोन."

"मलई?"

"मलईपण."

"कधी?"

"काल पाचला."

"आणखी?"

"एक केळं."

"केळं कशाला?"

"शहाळेवाल्याच्या बाजूला केळेवाला होता."

कोणी हसलं नाही. तो मला एक शब्दही बोलला नाही. तिला उचलून कॉटवर घेतलं, डॉक्टरांना हाक मारली, छातीला तारा लावल्या. कागदाची पट्टी सरसर बाहेर आली. त्यावर शंकूसारखे उंच सुळके होते. डॉक्टरांनी पट्टी बघितली आणि इंजेक्शन मागवलं, ते शिरेतून अगदी हळूहळू दिलं. हृदयाला आवरून धरायला, एवढंच मला कोणीतरी सांगितलं. तोवर याने मशीन लावलं होतं. मशीनच्या पाण्यातलं पोटॅशियम किती ठेवायचं ते डॉक्टर आणि तो हलक्या आवाजात ठरवत होते. मी सांगितलेल्या दोन शहाळ्यांचा आणि एका केळ्याचा त्यात उच्चार झाला. मी दाराला टेकून उभा होतो. कॅम्प चारचे सेठ मला म्हणाले, "बैठो भाई. वो है ना." तिथे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या त्या वाक्याचा मला पहिल्यांदाच राग आला नाही.

दोन तासांनी हिने पाय हलवला. तीन तासांनी अंगावरची चादर लाथेने बाजूला केली. मग त्याने मला बोटाने खूण केली आणि जिना चढायला लागला. गच्चीवर कठड्यापाशी त्याची बाटली होती. त्याने आधी मला दिली.

"ओरडा ना माझ्यावर," मी म्हणालो.

"ओरडून पोटॅशियम उतरत नाही."

तो प्यायला. मिशी पुसली. एमआयडीसीच्या धुराड्यांकडे बघत म्हणाला, "तीन वर्षांत वहिनी माझ्याशी खोटं बोलल्या नाहीत. पापड खाल्ला तर दारातूनच सांगतात. आज पहिल्यांदा बोलल्या. मरायची तयारी होती, पण तुमचं नाव घ्यायची नव्हती." मग बाटली मला परत देत, "बत्तीस वर्षं हे काम करतोय साहेब. माझ्यासाठी असं कोणी खोटं बोललेलं नाही."

त्याच्या आवाजात काहीतरी होतं. मी ते लगेच ओळखलं, कारण त्या मालाचा माझ्याइतकं जुनं गिऱ्हाईक बदलापूरपासून कल्याणपर्यंत सापडायचं नाही. त्याला माझा हेवा वाटत होता! माझा! ज्याने बायकोला जवळजवळ मारलं होतं, त्या माझा! मला इतका आनंद झाला की लाज वाटून मी आणखी पाणी प्यायलो.

"तुम्हाला तिला शहाळं पाजायचंय ना?" तो म्हणाला. "मग असं चोरून कशाला? रक्तगट कुठला तुमचा?"

"बी पॉझिटिव्ह. हिचा?"

"बी पॉझिटिव्ह," तो म्हणाला. अर्थात त्याला माहीत होता. "साहेब, तुमच्याकडे दोन आहेत. माणसाला एक पुरते."

पुढे नातेवाइकांनी मला त्यागमूर्ती वगैरे केलं. सोसायटीने गणपतीत शाल-नारळ दिला. खरं कारण मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. त्या गच्चीवर माझ्या मनात आलेला पहिला विचार असा होता की, हिला आठवड्यातून तीनदा याच्यापासून तोडायचा हा एकमेव कायदेशीर मार्ग आहे. त्यासाठी एक किडनी म्हणजे स्वस्तच.

आणि ज्याच्यापासून तोडायचं, तोच माझी तयारी करून घेत होता. माझा रक्तदाब थोडा वर होता, पोट बरंच पुढे होतं. त्याने माझं मीठ कमी केलं, पापड बंद केला, मला एमआयडीसीच्या रस्त्यावर रोज पाऊण तास चालायला लावलं. आठवड्याला काट्यावर उभं करायचा. निळ्या वहीत माझंही पान उघडलं. 'चेक्सचा शर्ट, दोनशे ऐंशी.' ते वाचून मी दोन दिवस कारण नसताना खुशीत होतो, हे इथेच सांगून टाकतो.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात आधी आमची चौकशी झाली. तुम्ही खरंच नवराबायको आहात का, कोणी पैसे देऊन आणलेलं नाही ना, हे ते तपासतात. लग्नाचा अल्बम बघितला. मग टेबलापलीकडच्या बाईंनी मला विचारलं, "पत्नीबद्दल काहीतरी सांगा. वजन किती त्यांचं?"

"कोरडं की आत्ताचं?" मी म्हणालो.

बाईंनी पेन खाली ठेवलं आणि पुढे काही विचारलं नाही.

ऑपरेशन झालं. माझी डावी किडनी हिच्या उजव्या कुशीत बसवली. तिथे रक्त पोचलं आणि टेबलावरच तिने काम सुरू केलं, असं सर्जन म्हणाले. पहिल्या दिवशी पिशव्या भरल्या. सहा लिटर! माझ्यात असताना तिने इतकी हौस कधी दाखवली नव्हती. माझ्या पोटात पन्नास वर्षं निवांत पडलेली बाई, आणि दुसऱ्याच्या घरी जाऊन पहिल्याच दिवशी अशी राबली! हिचा क्रिएटिनिन, म्हणजे रक्तात साठलेल्या कचऱ्याचा आकडा, रोज उतरत होता. डॉक्टर, नर्सा, हिची आई, सगळे हिच्या कॉटभोवती. मी बाजूच्या खोलीत टाके सांभाळत झोपलेला. तो रोज फोन करायचा, हिला. "किती झालं?" ही आकडा सांगायची. तो आकडा तो म्हणे हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवायचा आणि सेठ टाळ्या वाजवायचे.

घरी आल्यावर तेच. ही दिवसातून चार वेळा उजव्या कुशीवर हात ठेवून बसायची. "आज छान चाललंय हं तिचं," म्हणायची. पाणी पिताना त्या जागेकडे बघून पिणार. कोणी भेटायला आलं की तिची चौकशी: कशी आहे, रुळली का, गोळ्या चालू आहेत ना? माझ्याच अंगातली, मीच दिलेली, आणि आता ती हिच्याबरोबर चोवीस तास आणि मी सोफ्यावर. मला स्वतःच्या किडनीचा इतका राग यायचा की विचारू नका. आधीचा निदान दुपारी दोनला घरी जात होता.

दीड महिन्याने, एका गुरुवारी संध्याकाळी सातला, माझ्या फोनवर त्याचं नाव आलं. ही स्वयंपाकघरात होती.

"थांबा हं, हिला देतो."

"नको नको," तो म्हणाला. "वहिनींशी सकाळी बोललो. तुमच्यासाठी केला. तुमची मागे राहिलेली, ती एकटी कशी आहे?"

हा प्रश्न तोवर मला एकानेही विचारला नव्हता. मीही विचारला नव्हता.

"बरी असावी," मी म्हणालो.

"असावी नाही. लघवी तपासा, रक्तदाब बघा, मला आकडा सांगा. गेलेलीचं सगळे विचारतात हो, राहिलेलीचं कोणी विचारत नाही. तिच्यावर आता दोघींचं काम आहे. ती थोडी वाढते, माहितेय? आकारानेच मोठी होते. कोणी सांगत नाही, कोणी बघत नाही, आपली आपण जास्तीचं उचलते." आणि लगेच, "पाणी पिता ना नीट?"

"पितो," मी म्हणालो. आवाज नीट येईना म्हणून गॅलरीत गेलो. तिथे आम्ही दहा-बारा मिनिटं बोललो. काय बोललो ते माझं माझ्यापाशी.

आत आलो तर ही हात पुसत उभी. "कोणाचा फोन होता हो?"

"शिरगावला नवीन टॉवर होतोय म्हणे. टू बीएचके. नको म्हटलं."

"नको म्हणायला एवढा वेळ?"

"चिकट असतात ते लोक."

पुढे ते सेंटरमधून निवृत्त होऊन गावी गेले, तोवर दीड वर्ष, दर गुरुवारी सातला टॉवरवाल्यांचा फोन येत राहिला. हिने दोनदा म्हटलं, एवढे मागे लागलेत बिचारे, तर एकदा मला तरी बोलू द्या त्यांच्याशी. मी फोन खिशात टाकला आणि म्हटलं, त्यांना फक्त माझ्याशीच बोलायचं असतं.